शिराझची बाग तोडायच्या आधी तोडणीची तारीख कागदावर आण

पत्र

ताई, नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची सात एकर बाग आहे. चार एकर खाण्याची द्राक्षं, थॉमसन आणि सुधाकर. तीन एकर वाइनची, त्यात दोन एकर शिराझ ही लाल जात आणि एक एकर शेनिन ही पांढरी. वाइनची बाग नऊ वर्षांची झाली. लावताना कंपनीशी केलेला करार या हंगामात संपला. या तीन एकरांचं सगळं मीच बघते, मजूर, फवारणीची वही, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. यंदा 26 फेब्रुवारीला शिराझ 23.5 ब्रिक्सला आली होती. कंपनीचा माणूस म्हणाला, टाकी रिकामी नाही, थांबा. थांबत थांबत 10 मार्चला तोड झाली. तोवर ब्रिक्स 26 वर गेला, मणी सुरकुतले. आमचा अंदाज 9.7 टनांचा होता, काट्यावर 8.8 भरले. वर ‘ब्रिक्स जास्त, पीएच 3.9’ असं सांगून 45 रुपयांच्या भावातून 10 टक्के कापले.

सासरे, म्हणजे नाना, म्हणतात, बास झालं, जेसीबी बोलवा, इथंही थॉमसन लावू. वाइनच्या बागेच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीला ते रुपया द्यायला तयार नाहीत. मिस्टर म्हणतात, आपणच वायनरी टाकू, जमीन तारण ठेवून दीड कोटी काढू. त्यांनी शेडमध्ये ड्रममध्ये साठ लिटर वाइन करून मित्रांना पाजली, सगळ्यांनी वाहवा केली. सासूबाई माळकरी आहेत, त्यांना हे वाइनचं प्रकरण लावलं तेव्हापासूनच मान्य नाही. मला कुणी विचारत नाही, पण वेल मी वाढवलेत. काय करू?

उत्तर

अगं, सगळ्यात आधी खरड छाटणी करून घे. बाकीचं बोलणं नंतर.

तुझं पत्र वाचताना मला धास्ती वाटली ती याच एका ओळीची. नानांना वाटतं, बाग ठेवायची की नाही हे ठरलं नसताना तिच्यावर खर्च कशाला. पण एप्रिल कुणासाठी थांबत नाही. खरड छाटणीनंतर नवीन काडी फुटते आणि पुढच्या साधारण 40 ते 60 दिवसांत त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. पुढच्या फेब्रुवारीत वेलीवर किती घड दिसणार, ते या उन्हाळ्यातच आत ठरून जातं. छाटणी टाळलीत किंवा छाटणी करून पाणी तोडलंत, तर ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी कितीही मन लावून केलीत तरी डोळ्यातून नुसता शेंडा निघेल, घड निघणार नाही. म्हणजे भांडण चाललंय यंदाच्या पैशांचं आणि नुकसान होईल पुढच्या वर्षीचं. कलम भरायचे दिवसही ऑगस्ट-सप्टेंबरचे असतात, तेव्हा आज जेसीबी आणून नानांच्याही हाती लवकर काही पडणार नाही. त्यांना एवढंच सांग, ‘छाटणीने तुमचा रस्ता बंद होत नाही, माझाही होत नाही. पावसाळ्यापर्यंत मला वेळ द्या.’ छाटणीच्या मजुरीचा प्रश्न असेल तर ती कुठून आणायची हे नवऱ्याशी बोल. दीड कोटीची तयारी असलेल्या माणसाने तीन एकरांच्या छाटणीची सोय करायला हरकत नसावी.

आता यंदा नेमकं काय झालं ते बघू. तू तारखेसकट ब्रिक्स लिहून ठेवलास, म्हणून हे बघता तरी येतंय. सालं आणि बिया सोडून दे, ढोबळ हिशेब कर. 9.7 टन मालात 23.5 ब्रिक्सने साखर होते साधारण 2,280 किलो. 8.8 टनांत 26 ब्रिक्सने होते 2,288 किलो. बारा दिवसांत तुझ्या द्राक्षात साखर वाढलीच नाही. उडालं ते पाणी. माल पिकत नव्हता, वाळत होता. शिराझची ही खोडच आहे. पाणी उतरून, म्हणजे मणी मऊ पडून, रंग भरला, साखर आली, की शेवटच्या टप्प्यात तिचा मणी ढिला पडतो आणि पाणी सोडायला लागतो. मार्चच्या उन्हात तर झपाट्याने. कॅबरने सॉव्हिनॉं या दुसऱ्या लाल जातीला थोडं थांबवता येतं, शिराझला नाही.

पैशांत मांड. 900 किलो वजन 45 रुपयांनी गेलं, 40,500 रुपये. उरलेल्या 8,800 किलोवर साडेचार रुपयांप्रमाणे कपात, 39,600 रुपये. दोन्ही मिळून 80,100 रुपये. टाकी त्यांची भरलेली होती, थांबायला त्यांनी सांगितलं, वजन तुमचं घटलं आणि ब्रिक्स वाढला म्हणून दंडही तुम्हीच भरला. नानांचा राग खरा आहे. फक्त तो वेलीवर निघतोय, आणि निघायला हवा कागदावर. करारात तोडणीची तारीख कोण ठरवणार, आणि ठरलेल्या ब्रिक्सला माल आल्यावर उचलला नाही तर नुकसान कुणाचं, हे लिहिलेलं नसणार. नऊ वर्षांपूर्वीच्या करारांत मी हे कलम फारसं पाहिलेलं नाही. भाव आणि ब्रिक्स तेवढे ठळक, बाकी ‘परस्पर सामंजस्याने’.

हे मी इतक्या जोरात का सांगते ते ऐक. 2009 च्या हंगामात आमची तीन एकर शिराझ होती. त्याआधीची पाच-सात वर्षं नाशकात वाइनचा नुसता उत्साह होता. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण 2001 ला आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, सांगलीकडे पलूसला झालं, आणि टोमॅटोची शेती सोडून लोकांनी परदेशी जाती लावल्या. मग 2008 ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन खपेना. आमचा करार ज्या कंपनीशी होता तिने आदल्या वर्षीचे निम्मे पैसे थकवलेले होते. तरी मार्चमध्ये आम्ही माल तोडला, कारण करार होता. चार टन क्रेटमध्ये भरून हे पहाटे ट्रॅक्टर घेऊन गेले. मी दुपारी डबा घेऊन पोचले तर ट्रॉली गेटबाहेरच उभी. ऊन चढलेलं, खालच्या क्रेटमधले मणी वरच्या वजनाने फुटलेले, ट्रॉलीच्या फळीतून जांभळा रस थेंब थेंब डांबरावर पडत होता आणि त्यावर मधमाश्या जमलेल्या. चार वाजता आतून निरोप आला की आंबायला लागलेला माल आम्ही घेत नाही. सकाळी तो आंबलेला नव्हता.

परत आणून तो कुणाला विकणार? हाच या पिकाचा खरा पेच आहे. थॉमसनचा व्यापारी फिरला तर तू दुसऱ्याला देशील, तोही नाही तर लोकल मार्केटला, तेही नाही तर बेदाण्याला टाकशील. शिराझचा मणी बारीक, आत बिया, साल जाड. बाजार समितीत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वाइनच्या द्राक्षाला वायनरीचं एकच दार असतं, आणि ते दार कधी उघडेल हे कागदावर नसेल तर बागाईतदार गेटबाहेरच उभा राहतो.

आम्ही 2010 च्या मे महिन्यात दोन एकर काढून टाकले. रागाच्या भरात. थकलेले पैसे पूर्ण आलेच नाहीत, ते आले असते तरी मी तेच केलं असतं, इतका राग होता. मग काही वर्षांनी बाजार सावरला आणि दोन वायनऱ्यांची माणसं बांधावर येऊन जुनी शिराझ आहे का म्हणून विचारायला लागली. तेव्हा आमच्याकडे एकच एकर उरलेलं होतं. जुन्या वेलीची मुळं खोल गेलेली असतात, ती उन्हाच्या ताणाला डगमगत नाही, फळ एकसारखं देते. नऊ वर्षांची तुझी बाग आत्ता कुठे तिच्या भरात येते आहे. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते, शिराझचे वेल काढून टाकू नका.

आणि थॉमसन सुरक्षित आहे हे नानांनी मनातून काढावं. त्यांना आठवत असेल, 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाने फुलोऱ्यातल्या बागा झोडपल्या. 2010 ला लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात गेलेला माल अडकला आणि निर्यातदारांबरोबर बागाईतदारही बुडाले. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या. खाण्याच्या द्राक्षाला डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मण्यांची विरळणी), जीए हे संजीवक, मण्याची साइज, सगळ्याला पैसा आणि माणसं लागतात. वाइनच्या एकराला आमच्या वहीत त्याच्या निम्म्याहूनही कमी खर्च दिसतो, आणि पेठ-सुरगाण्याकडून येणारी मजुरांची टोळी थॉमसनच्या कामात अडकलेली असली तरी शिराझचं काही अडत नाही. एकाला गारपीट लागली तर दुसरं उभं असतं. सात एकरांत तीन एकर वाइनचे, हे प्रमाण मला ठीक वाटतं. पाच असते तर मी नानांच्या बाजूने बोलले असते.

आता नानांशी जरा कटू बोलावं लागेल, ते तू सांभाळून बोल. पीएच म्हणजे आम्ल कमी झालं की वर चढणारा आकडा. तो 3.9 आला तो निव्वळ उशिरामुळे आलेला नाही. तू पत्राच्या मागच्या बाजूला खतांची यादी लिहिली आहेस, त्यात शेवटच्या महिन्यात ठिबकातून दोनदा पोटॅश सोडल्याचं दिसतं. थॉमसनला हे चालतं, गोडी येते, मणी चमकतो. वाइनच्या द्राक्षात तोच पोटॅश रसातल्या आम्लाला बांधून टाकतो आणि पीएच वर चढतो. पीएच चढला की लाल वाइनचा रंग टिकत नाही, जिवाणूंना मोकळं रान मिळतं, वायनरीला सल्फर जास्त वापरावं लागतं. त्यांच्या रसायनतज्ज्ञाची तक्रार या बाबतीत रास्त होती. नाना चाळीस वर्षं खाण्याची द्राक्षं पिकवत आलेत, त्यांचा हात त्या सवयीने चालतो. पुढच्या हंगामात घड फुलोऱ्यात असताना घडासमोरच्या पानांचे देठ परीक्षणाला पाठव आणि अहवालात पोटॅश भरपूर दिसला तर शिराझला शेवटी एक ग्रॅमही देऊ नका. हे तू सांगितलंस तर बोलणं होईल. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञाने सांगितलं तर सल्ला होईल. नानांना एकदा तिकडे घेऊन जा, जाताना दोन्ही बागांचे अहवाल बरोबर ठेव.

पाण्याचंही तेच. मणी सेट झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत शिराझला थोडा ताण हवा, म्हणजे मणी लहान राहतो आणि रसाच्या मानाने साल जास्त येते. रंग आणि चव सालीत असते. पानं काढायची तर सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढ. मावळतीची बाजू झाकलेली राहू दे, नाहीतर मार्चचं ऊन घड भाजतं. आणि सल्फरची शेवटची फवारणी तोडणीच्या बरीच आधी बंद कर. सालीवर राहिलेलं सल्फर आंबवणीत सडक्या अंड्यासारखा वास देतं, आणि त्यासाठी माल नाकारला तर तिथं मात्र कुणाशी भांडता येत नाही.

तुझ्या वहीत एकच रकाना वाढव. पाणी उतरल्यापासून आठवड्याला एकदा, शेवटच्या पंधरा दिवसांत दिवसाआड, सकाळी त्याच वेळी बागेत जा. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरचे, मधले, शेंड्याचे असे 200 मणी पिशवीत गोळा कर. त्यातले 100 मोजून किराणाच्या छोट्या डिजिटल काट्यावर त्यांचं वजन घे, मग सगळे पिशवीतच चिरडून रसाचा ब्रिक्स आणि पीएच बघ. पीएच मीटर दर वेळी 4 आणि 7 च्या द्रावणात तपासून घे, नाहीतर तो काहीही दाखवतो. ब्रिक्स वाढतोय आणि 100 मण्यांचं वजन स्थिर आहे, तर फळ पिकतंय. ब्रिक्स वाढतोय आणि वजन घटतंय, तर फळ वाळतंय, त्या दिवसापासून तुझं नुकसान सुरू. दोन-चार बिया चावून बघ, तपकिरी होऊन कुरकुरीत फुटायला लागल्या की आणखी थांबण्यात वायनरीचाही फायदा नसतो. हे आकडे काढशील त्याच दिवशी कंपनीच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठव, तारीख-वेळ आपोआप पडते. 26 फेब्रुवारीचा तुझा आकडा तुझ्याच वहीत राहिला, त्यांच्या फोनवर गेला असता तर कपातीच्या वेळी बोलायला जागा झाली असती.

करार नवा करायचाच आहे. तेव्हा भावाच्या दोन रुपयांसाठी ताणण्याआधी या गोष्टी लिहून घे. ब्रिक्सचा पट्टा आणि पीएचची मर्यादा. मालाने पट्टा गाठल्याचं तू कळवल्यापासून किती दिवसांत तोड. मी पाच दिवस मागेन, सातावर थांबेन. त्यानंतर त्यांच्या कारणाने उशीर झाला तर जास्त ब्रिक्सची कपात नाही, आणि वजनातली घट कळवल्याच्या आणि तोडीच्या दिवशीच्या नमुन्यांतल्या 100 मण्यांच्या वजनावरून काढून भरून द्यायची. काटा कुणाचा, तिथं आपला माणूस उभा राहणार का. ट्रॉली गेटवर पोचल्यापासून किती तासांत उतरवणार. पैसे किती दिवसांत, किती हप्त्यांत, आणि चुकले तर व्याज. पुढच्या वर्षी माल नको असेल तर तसं कधी कळवणार, याला मी खरड छाटणीच्या आधीची तारीख धरते, म्हणजे आपल्याला वर्ष वाया न घालवता ठरवता येतं. सातबारा नानांच्या नावे असेल तर सही त्यांचीच राहील. पण ‘बागेबाबत व तोडणीबाबत संपर्क’ या ओळीत तुझं नाव आणि तुझा नंबर घालून घे. नऊ वर्षं तू करतेस ते काम त्या ओळीने कागदावर येतं, आणि घरात त्याचा काय फरक पडतो ते तुला दिसेल.

आणि एकाच कंपनीकडे हा कागद घेऊन जाऊ नकोस. दिंडोरी, गिरणारे, इगतपुरी, निफाड या पट्ट्यात वायनऱ्या आहेत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना पावसाळ्याआधी बाग दाखव. वाइनमेकर बागेत आला की आधी ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या बघतो, मग फवारणीची वही मागतो. तुझी वही हे तुझं भांडवल आहे. जुनी कंपनी पुढेही घेणार असेल तर घेऊ दे, तिच्याशी वैर नको, पण आपल्याला दुसरीकडून विचारणा आहे हे तिला माहीत असू दे.

वायनरीकडे येते. तुझ्या मिस्टरांचा उत्साह मला समजतो, आपल्या फळाची आपल्या नावाची बाटली बघायला कुणाला आवडणार नाही. पण आधी तो ड्रम रिकामा करायला सांग, आजच. परवान्याशिवाय वाइन तयार करणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मित्रांना फुकट पाजली म्हणून तो माफ होत नाही. शिवाय रस आंबताना जो वायू सुटतो तो जमिनीलगत साचतो. बंद शेडमध्ये ड्रमवर वाकलेला माणूस शुद्ध हरपून तिथंच पडतो. शेडमध्ये मुलं खेळत असतील, हे डोळ्यांसमोर आण.

मग त्यांच्याजवळ बसून हा हिशेब मांड. एक टन लाल द्राक्षातून साधारण 600 ते 650 लिटर वाइन निघते. 8.8 टनांची झाली 5,500 लिटर, म्हणजे 7,300 बाटल्या. वर्षाचे 365 दिवस, रोज 20 बाटल्या विकायच्या. रविवारी, श्रावणात, पितृपक्षातही. कोण विकणार, कुणाला, किती उधारीवर? लाल वाइन बनल्याबरोबर विकत नाहीत, ती निदान वर्षभर टाकीत किंवा ओकच्या पिंपात मुरते. तेवढ्यात पुढचा हंगाम येतो आणि त्यासाठी दुसऱ्या टाक्या लागतात. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या वर्षापासूनच. टाक्या थंड ठेवायला वीज अखंड हवी, ती गेली की जनरेटर. उत्पादन शुल्काचा परवाना, अन्न सुरक्षेचा परवाना, लेबलची नोंदणी, दुसऱ्या राज्यात विकायचं तर तिथली नोंदणी आणि तिथलं शुल्क वेगळं. विंचूरला आणि आसपास त्या उत्साहाच्या काळात शेतकऱ्यांनी काढलेल्या किती तरी वायनऱ्या बंद पडल्या, आणि त्यातल्या सगळ्यांची वाइन काही वाईट नव्हती. वाइन करणं त्यांना जमलं, विकणं जमलं नाही. मिस्टर सुपरमार्केटचं म्हणत असतील तर, जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला, मोठा विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. अशा बातमीवर जमीन तारण ठेवू नये.

इच्छा खरी असेल तर पुढच्या जानेवारी ते मार्च त्यांनी एखाद्या वायनरीत तळघरात काम करावं. टाक्या धुवाव्यात, पहाटे पाचला पंप चालवावा, रात्री आंबवणीचं तापमान लिहावं. एक पूर्ण हंगाम. नंतरही मन तिथंच असेल तर परवाना असलेल्या वायनरीकडून आपल्या अर्ध्या टन शिराझची वाइन करून घेण्याचा मार्ग बघता येईल. त्यालाही उत्पादन शुल्क खात्याच्या परवानग्या लागतात, आधी त्या विचारून घ्याव्यात. अर्धा टन म्हणजे चारशे बाटल्या. त्या विकून बघाव्यात. जमीन जागेवर राहील.

सासूबाईंचं राहिलं, आणि ते मला या सगळ्यात हलकं वाटत नाही. आमच्या सासूबाईही माळकरी होत्या. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या निघतात, आणि त्याच सुमारास पांढऱ्या जातींची तोडणी तोंडावर आलेली असते. त्या वारीला चालत जायच्या आणि आम्ही क्रेट धुवायचो. घरात त्यावर बोलायचं नाही असं जणू ठरलेलं होतं, आणि न बोलण्याचा त्रास त्यांना जास्त झाला, हे मला त्या गेल्यावर कळलं. तू त्यांना ‘वाइन म्हणजे दारू नाही’ असलं काही सांगू नकोस. तिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांच्याजवळ बसून विचार की नक्की कशाचा त्रास होतो. माझा अंदाज आहे, शेतात पिकवणं त्यांनी कसंबसं पचवलंय, पण अंगणात वायनरी उभी राहिली तर त्यांना घर आपलं वाटणार नाही. नवऱ्याला वायनरीपासून थांबवायला हेही एक कारण आहे, आणि ते बोलून दाखवायला हवं.

शेनिनचं एक एकर मी नानांना आणि सासूबाईंना देईन. शेनिनचा घड गच्च, उशिरा पाऊस आला की आतून कुजतो. तोडणी फेब्रुवारीत, नेमकी थॉमसनच्या गडबडीत. त्या एकरावर खाण्याची जात कलम करायची असेल तर या ऑगस्ट-सप्टेंबरला करा. पण नानांना दोन गोष्टी आधी दाखव. एक हंगाम पूर्ण हातचा जाईल, पहिलं पीक त्याच्या पुढच्या वर्षी. आणि तुमच्या वाइनच्या बागेच्या तारा उभ्या आहेत, वेलीही जवळ जवळ असतील. खाण्याच्या जातीला वाय आकाराचा आधार किंवा मांडव लागेल, मधली एकेक वेल काढावी लागेल, लोखंडाचा खर्च निराळा. हे सगळं धरूनही त्यांना करायचं असेल तर ते एकर त्यांचं. शिराझचे दोन एकर तुझे. असं वाटून घेतलंत तर कुणाचाच शब्द खाली पडत नाही.

तेव्हा छाटणीची टोळी उद्याच सांगून ठेव. जुन्या कराराची सगळी पानं फोटो काढून मला पाठव, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. मी आधी तोडणीचं कलम बघेन, मग पैशांचं, आणि नवीन मसुद्यात कुठे काय घालायचं ते त्याच कागदावर पेनाने लिहून परत पाठवीन.

तुझी,
ताई